बाप्तिस्म्याआधी दगावलेले मूल आणि देवाचा न्याय

पाप, इच्छास्वातंत्र्य आणि देवाचा न्याय या तीन गोष्टी ख्रिस्ती श्रद्धेत एकमेकींना धरून उभ्या आहेत. माणूस मोकळेपणाने निवड करतो म्हणून तो पापाला जबाबदार. तो जबाबदार म्हणून देवाची शिक्षा न्याय्य. मोठ्या माणसाच्या बाबतीत ही साखळी बऱ्यापैकी टिकते. तीन दिवसांच्या बाळापाशी ती तुटते. त्याने काही निवडलेले नाही, काही केलेले नाही. तरीही ते मूळपापासकट, म्हणजे आदामाच्या पहिल्या पापाच्या वारशासकट जन्मले, असे शिकवले जाते. मग बाप्तिस्मा होण्याआधीच ते दगावले तर त्याचे काय होते? हा प्रश्न चर्चला पंधराशेहून अधिक वर्षे छळतो आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. आदामापासून माणसाला मृत्यू, दुबळेपणा आणि देवापासूनचे अंतर वारशाने मिळते, ही शिकवण ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यातली आहे आणि ती टिकते. दोष वारशाने मिळतो, ही शिकवण मात्र टिकत नाही. ती बाहेरच्या कुणा टीकाकाराच्या युक्तिवादाने पडत नाही. चर्चने स्वतः पापाला लावलेल्या कसोटीवर पडते. कॅथलिक चर्चने हे कागदावर बरेचसे मान्यही केले आहे. पण धर्मशिक्षणाच्या वर्गात, दफनभूमीत आणि धर्मकायद्याच्या एका कलमात ते अजून उतरलेले नाही.

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, या बाबतीत एकच सूर नाही. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आदाम आणि एवा आज्ञा मोडतात. त्यांना घाम गाळून भाकर मिळवणे, प्रसूतीच्या वेदना आणि मृत्यू वाट्याला येतो. त्यांच्या मुलांच्या माथी दोष बसला, असे तिथे कुठेही म्हटलेले नाही. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात, दहा आज्ञांमध्येच, देव बापाच्या अपराधाचे शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोचवतो. यहेज्केलाचा अठरावा अध्याय याला सरळ छेद देतो: बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, ही म्हण इस्राएलात पुन्हा वापरू नका, जो पाप करील तोच मरेल, मुलगा बापाच्या अपराधाचा भार वाहणार नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारतात, पाप कुणी केले, याने की याच्या आईबापांनी? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. आणि मग प्रेषित पौल. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तो म्हणतो, एका माणसाच्या द्वारे पाप जगात आले, पापाच्या द्वारे मरण आले. मूळपापाचा सगळा सिद्धान्त मुख्यतः या अध्यायावर उभा आहे. मात्र पौलाच्या मांडणीचे वजन दुसऱ्या पारड्यात आहे. एकाच्या आज्ञाभंगाने जे बिघडले त्यापेक्षा एकाच्या आज्ञापालनाने मिळालेली कृपा कितीतरी पटींनी अधिक आहे, हे त्याला ठसवायचे आहे. पुढच्या पिढ्यांनी या वाक्यांमधून आदामाचा भाग उचलला आणि त्याच्यापुढे येणारा ख्रिस्ताचा भाग बाळांच्या बाबतीत जवळजवळ सोडून दिला.

मराठी वाचकाला इथे कर्मसिद्धान्त आठवणे स्वाभाविक आहे. बाळ दुःख भोगते ते पूर्वजन्मीच्या कर्माने, हे उत्तर निदान ज्याचे त्याला देते. ख्रिस्ती परंपरेतही या उत्तराच्या जवळ जाणारा एक विचारवंत होऊन गेला. तिसऱ्या शतकातील ओरिजेन. आत्मे देहात येण्याआधी अस्तित्वात होते आणि देवापासून कमी-अधिक दूर सरकल्यामुळे त्यांना वेगवेगळी स्थिती मिळाली, असे त्याने सुचवले. हा मार्ग चर्चने बंद केला. आत्म्यांच्या पूर्वास्तित्वाची शिकवण सहाव्या शतकात, ५५३ च्या सुमारास, धिक्कारली गेली. पौलानेही याकोब आणि एसाव जन्मण्यापूर्वी त्यांनी बरे किंवा वाईट काहीच केले नव्हते, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे ख्रिस्ती ईश्वरविद्येने मागच्या जन्माचा आधार जाणूनबुजून सोडला. हा आधार सोडल्यावर नवजात बाळ निरपराध ठरते, दुसरे काही नाही. तिथून मागे फिरायचे असेल तर दोष दुसऱ्या कुणाकडून तरी आणावा लागतो.

तो आणला ऑगस्टीनने. आजच्या अल्जीरियातील हिप्पो या बंदरगावाचा हा बिशप. तरुणपणी तो मानी पंथात होता. वाईट ही स्वतंत्र शक्ती आहे असे मानणारा तो पंथ सोडल्यावर त्याने इच्छास्वातंत्र्यावर जो ग्रंथ लिहिला, त्यात पापाचे मूळ माणसाच्या मोकळ्या निवडीत आहे असे आग्रहाने मांडले. पुढे समोर आला पेलागियस. मूळचा ब्रिटनचा हा तपस्वी रोममध्ये खानदानी ख्रिस्ती कुटुंबांचा मार्गदर्शक होता. ४१० मध्ये गॉथांनी रोम लुटले तेव्हा तो आफ्रिकेत आणि तिथून पॅलेस्टाईनला गेला. त्याचे आणि त्याचा साथी केलेस्टियस याचे म्हणणे थोडक्यात असे: देव अशक्य गोष्टीची आज्ञा करणार नाही, माणूस ठरवले तर पापावाचून जगू शकतो, आदामाने वाईट उदाहरण घालून दिले, त्याचा दोष कुणाच्या रक्तात उतरत नाही.

ऑगस्टीनचे उत्तर तत्त्वज्ञानातून कमी आणि चर्चच्या रिवाजातून जास्त आले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. चर्च तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देते. बाप्तिस्मा पापांच्या क्षमेसाठी असतो. बाळाचे स्वतःचे पाप नाही. तेव्हा दुसरे कुठले तरी पाप त्याच्यावर असलेच पाहिजे. युक्तिवाद घट्ट वाटतो, पण त्याचे एक गृहीतक कच्चे आहे. बाप्तिस्मा फक्त क्षमेसाठी नसतो. ख्रिस्ताच्या शरीराचा अवयव होणे, नवा जन्म, पवित्र आत्म्याचे दान, चर्चमध्ये प्रवेश हे सगळे त्यात आहे, आणि बाळाच्या बाबतीत हे सगळे दोष नसतानाही अर्थपूर्ण राहते. पूर्वेकडच्या ग्रीक परंपरेने नेमके हेच धरून ठेवले. नाझियान्झसचा ग्रेगरी चौथ्या शतकात म्हणाला होता की अजाणतेपणी बाप्तिस्म्याला मुकलेल्या बाळांचा गौरव होणार नाही, पण त्यांना शिक्षाही होणार नाही. ऑर्थोडॉक्स चर्चेस आजही आदामाकडून मृत्यू आणि बिघडलेली अवस्था येते असे मानतात, अपराध येतो असे मानत नाहीत.

ऑगस्टीनने मधली जागा ठेवली नाही. ४१३ साली कार्थेजमध्ये दिलेल्या प्रवचनात तो म्हणाला की उजवीकडे देवाचे राज्य आहे आणि डावीकडे अग्नी. जे मूल राज्यात नाही ते अग्नीत आहे. पुढे त्याने एवढीच सूट दिली की अशा बाळांची शिक्षा सर्वांत सौम्य असेल. ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलागियसची मते धिक्कारली, पोप झोसिमसने आधी चालढकल करून अखेर तसाच निवाडा दिला, आणि ४३१ च्या एफेससच्या महासभेने केलेस्टियसला दोषी ठरवले. पण वाद संपला नव्हता. इटलीतील एक्लानमचा बिशप जुलियन निवाड्यावर सही करायला तयार झाला नाही आणि पुढची बारा वर्षे त्याने ऑगस्टीनला एकच प्रश्न विचारला: जो देव पापांची क्षमा करतो, तोच देव दुसऱ्याचे पाप बाळाच्या माथी मारतो, याला न्याय कसे म्हणायचे? ४३० मध्ये व्हँडलांनी हिप्पोला वेढा घातलेला असताना ऑगस्टीन वारला, तेव्हाही जुलियनला द्यायचे उत्तर अर्धेच लिहून झाले होते.

ऑगस्टीनची बाजू घेणाऱ्यांनीही त्याचे ४१५ सालचे, बायबलचा विद्वान जेरोम याला लिहिलेले पत्र वाचावे. त्यात तो जेरोमला कळकळीने विचारतो की प्रत्येक बाळाचा आत्मा देव नव्याने निर्माण करत असेल, तर त्या कोऱ्या आत्म्याला आदामाचा दोष चिकटतो कसा? आत्माही बापाकडून मुलाकडे येतो असे मानले तर कोडे सुटले असते. पण ते त्याला नक्की म्हणता येईना. पुढे चर्चने निर्णय दिला तो नेमका उलट बाजूने: प्रत्येक आत्मा थेट देव निर्माण करतो, आईबाप नाही. आज कॅथलिक धर्मशिक्षणात हे निःसंदिग्धपणे शिकवले जाते. मग ऑगस्टीनला जी अडचण दिसली होती ती दुप्पट होते. दोष ही इच्छेची गोष्ट, इच्छा ही आत्म्याची शक्ती, आणि आत्मा थेट देवाच्या हातून आलेला. वारशाने येणारा देह मर्त्य असू शकतो, वासनांकडे ओढला जाणारा असू शकतो. अपराधी असू शकत नाही.

मध्ययुगातील विद्वानांना ही अडचण कळत होती. बाराव्या शतकात आबेलार्डने बाळांची शिक्षा म्हणजे फक्त देवदर्शनाला, स्वर्गात देवाला प्रत्यक्ष पाहण्याला मुकणे, असे म्हटले. १२०१ मध्ये पोप तिसरा इनोसंट याने तेच अधिकृत पत्रात लिहिले: मूळपापाची शिक्षा देवदर्शनापासून वंचित राहणे, आणि स्वतः केलेल्या पापाची शिक्षा नरकयातना. थॉमस अक्वायनसने आणखी पुढे जाऊन सांगितले की या बाळांना आपण काय गमावले हेच ठाऊक नसल्याने त्यांना दुःख होत नाही. ती आपल्या नैसर्गिक सुखात राहतात. हाच लिंबो. ही दयाळू तडजोड होती, त्यात शंका नाही. तरी तिच्यात एक दुखरी गोष्ट शिल्लक राहते. माणूस देवदर्शनासाठीच घडवला गेला आहे असे हीच परंपरा सांगते. ज्यासाठी घडवले त्यापासून कायमचे वेगळे ठेवायचे आणि त्याला सुख म्हणायचे, हे अक्वायनससारख्या बुद्धिमंतालाही पुरते जमलेले नाही. १४३९ च्या फ्लॉरेन्सच्या महासभेची भाषा तर कठोरच आहे: जे केवळ मूळपाप घेऊन मरतात ते तत्काळ नरकात उतरतात, फक्त त्यांची शिक्षा वेगळी असते.

ही पुस्तकी चर्चा घराघरांत कशी पोचली ते पाहिले म्हणजे प्रश्नाचे वजन कळते. युरोपात, विशेषतः फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये, मृत जन्मलेली बाळे ठरावीक तीर्थस्थळी नेली जात. तिथे त्यांना शेकोटी किंवा मेणबत्त्यांच्या उबेजवळ ठेवत. ओठांवर ठेवलेले पीस हलले किंवा गालांवर रंग चढल्यासारखा वाटला की क्षणभर जीव आला असे समजून घाईने बाप्तिस्मा देत आणि मग पवित्र भूमीत पुरत. बर्नजवळच्या ओबरब्यूरेन येथे असे एक प्रसिद्ध स्थान होते. धर्मसुधारणेच्या काळात ते पाडले गेले, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या उत्खननात तिथे अडीचशेच्या आसपास अर्भकांचे अवशेष सापडले. आयर्लंडमध्ये बाप्तिस्मा न झालेली बाळे दफनभूमीबाहेर, माळावर, पडक्या गढीच्या आवारात, समुद्रकाठी पुरली जात. ती नाव नसलेली थडगी आजही दाखवली जातात. १९१७ च्या धर्मसंहितेत, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायदेसंग्रहात, हा नियमच होता: बाप्तिस्म्यावाचून मेलेल्याला ख्रिस्ती दफन नाही.

आणि ही भीती इतरांच्या घरातही शिरली. १८५८ च्या जूनमध्ये बोलोन्या येथे पोपच्या पोलिसांनी एडगार्डो मोर्तारा या सहा वर्षांच्या ज्यू मुलाला आईबापांकडून नेले. तो तान्हा असताना आजारी पडला, तेव्हा घरातल्या ख्रिस्ती मोलकरणीने तो मरेल या भीतीने गुपचूप त्याच्यावर पाणी ओतून बाप्तिस्मा दिला होता. बाप्तिस्मा वैध, म्हणून मूल ख्रिस्ती. ख्रिस्ती मूल ज्यू घरात वाढू देता येत नाही, म्हणून ते काढून घ्यायचे. प्रत्येक पायरी कायद्याला धरून होती. पोप नवव्या पायसने जगभरातून आलेला दबाव झुगारला आणि मूल परत केले नाही. याच्या तीनशे वर्षे आधी, १५५९ मध्ये, पोर्तुगालच्या राजाने गोव्यासाठी हुकूम काढला होता की आईबाप आणि आजीआजोबा नसलेली हिंदू मुले सेंट पॉलच्या कॉलेजात नेऊन त्यांना बाप्तिस्मा द्यावा आणि शिकवावे. पुढे आई जिवंत असतानाही बाप वारला की मूल अनाथ धरले जाऊ लागले. गोव्याच्या जुन्या घराण्यांनी मुले लपवल्याच्या, खाड्या ओलांडून पळवल्याच्या हकिकतींचे मूळ इथे आहे. सत्ता आणि मालमत्ता यांचा त्यात हात होताच. पण ज्या पाद्र्यांनी हे मनापासून केले, त्यांच्या मनात मूल वाचवण्याचीच भावना होती. सिद्धान्तातली एक चूक माणसाच्या चांगुलपणालाच कामाला लावते, तेव्हा ती जास्त घातक ठरते.

आता चर्चची स्वतःची कसोटी पाहू. कुमसाराला, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली द्यायला बसलेल्या प्रत्येक कॅथलिकाला ती शिकवलेली असते. पाप प्राणघातक ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात: बाब गंभीर असणे, ती गंभीर आहे याची पूर्ण जाणीव असणे, आणि पूर्ण संमतीने ती केलेली असणे. तिन्हींपैकी एक नसले तर पाप क्षुल्लक ठरते किंवा ठरतच नाही. १९९२ च्या धर्मशिक्षणसंग्रहात, म्हणजे कॅथलिक शिकवणीच्या अधिकृत ग्रंथात, पुढे म्हटले आहे की अज्ञान, अनवधान, जबरदस्ती, भीती, सवय, मानसिक अवस्था यांमुळे जबाबदारी कमी होते किंवा पूर्ण नाहीशीही होऊ शकते. याच विचारातून आत्महत्या केलेल्यांबद्दलची भूमिका बदलली. १९१७ च्या संहितेने जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारले होते. १९८३ च्या संहितेतून ते कलम गेले. एक धर्मगुरू ज्या कसोटीने त्या कुटुंबाचे सांत्वन करतो, तीच कसोटी शेजारच्या घरातल्या बाळाला लावली तर उत्तर काय येते? बाब नाही, जाणीव नाही, संमती नाही. मोठ्यासाठी जाणीव अर्धी असली तरी चर्च थांबते. बाळाची जाणीव शून्य असताना दोष कायम कसा राहील?

धर्मशिक्षणसंग्रहाच्या ४०४ आणि ४०५ या परिच्छेदांत याचे उत्तर जवळजवळ दिलेले आहे. मूळपापाला पाप म्हणायचे ते केवळ साधर्म्याने. ते केलेले नव्हे, लागलेले पाप आहे. ती एक अवस्था आहे, कृती नव्हे. आदामाच्या कुणाही वंशजाच्या बाबतीत ते वैयक्तिक अपराधाच्या स्वरूपाचे नाही. परिच्छेद १२६१ म्हणतो की बाप्तिस्म्यावाचून गेलेल्या बाळांना चर्च देवाच्या दयेवर सोपवते आणि त्यांच्या तारणाची आशा धरते. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईश्वरविद्या आयोगाने पोप सोळाव्या बेनेडिक्टच्या संमतीने याच विषयावर स्वतंत्र दस्तऐवज प्रसिद्ध केला. लिंबो हे एक शक्य मत आहे, श्रद्धेचा नियम कधीच नव्हते, आणि या बाळांचे तारण होते अशी आशा धरायला भक्कम कारणे आहेत, असे त्यात आहे. दस्तऐवज मोलाचा आहे. तरी तो आशेपाशी थांबतो, आणि आशेची जी कारणे तो देतो त्यांतून त्याहून ठाम काही निघते, असे मला वाटते.

कारण चर्च एका प्रसंगी आशेच्या पुढे गेलेलेच आहे. २८ डिसेंबरला बेथलेहेमच्या निरपराध बालकांचा सण असतो. बाळ येशूला संपवण्यासाठी हेरोद राजाने मारलेल्या या मुलांचा बाप्तिस्मा झाला नव्हता. त्यांनी ख्रिस्ताला ओळखले नव्हते, त्याच्यासाठी मरायचे असे ठरवले नव्हते. त्यांतल्या बहुतेकांना नीट बोलताही येत नसणार. चर्च त्यांना संत आणि हुतात्मे म्हणून पूजते. पाणी नाही, इच्छा नाही, निवड नाही, आणि तरी स्वर्ग. हा अपवाद ख्रिस्ताच्या नावाने मेल्यामुळे, असे उत्तर दिले जाते. पण मग मान्य करावे लागते की देवाची कृपा बाळाच्या संमतीची वाट न पाहता त्याच्यापर्यंत पोचू शकते. एकदा हे मान्य केले की बाकीच्या बाळांपर्यंत ती का पोचू नये, याचे कारण देण्याची जबाबदारी नाकारणाऱ्यावर येते.

तातडीच्या बाप्तिस्म्याचे नियम जवळून पाहिले की हा मुद्दा आणखी उघड होतो. बाळ मरणाच्या दारात असेल तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकते: सुईण, नर्स, आजी, ख्रिस्ती नसलेली व्यक्तीसुद्धा, चर्च जे करते ते करण्याचा हेतू असला म्हणजे पुरे. साधे पाणी बाळाच्या डोक्यावर वाहील असे ओतायचे आणि ओतता ओतताच म्हणायचे, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो, किंवा देते. पाणी ओतणारा आणि शब्द म्हणणारा एकच हवा. ओल्या बोटाने कपाळ नुसते पुसले तर वैधतेबद्दल शंका राहते, कारण पाणी वाहिले नाही. दूध किंवा तेल चालत नाही. मृताला बाप्तिस्मा देत नाहीत. जीव आहे की नाही याची शंका असेल तर ‘तू जिवंत असशील तर’ अशा अटीने देतात. नंतर धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) कळवून नोंदवहीत नाव घालायचे. मूल जगले तर उरलेले विधी चर्चमध्ये होतात, पाणी पुन्हा ओतत नाहीत. शब्दांबाबत चर्च किती काटेकोर आहे, हे २०२० च्या ऑगस्टमध्ये रोमने दिलेल्या निवाड्यातून दिसले: ‘मी’ऐवजी ‘आम्ही बाप्तिस्मा देतो’ म्हटले तर तो बाप्तिस्मा अवैध.

संस्कार म्हणून हा काटेकोरपणा मला योग्य वाटतो. संस्कार ही चर्चची सामायिक ठेव आहे आणि ज्याने त्याने तिचे शब्द बदलू नयेत. पण बाळाचे अनंतकाळचे भवितव्य या काटेकोरपणावर टांगले, तर घाबरलेल्या नर्सच्या तोंडून एक शब्द चुकला म्हणून देव बाळाला दूर लोटतो, असे म्हणावे लागेल. धर्मशिक्षणसंग्रहाचा परिच्छेद १२५७ यातून वाट काढतो: देवाने तारण बाप्तिस्म्याशी बांधले आहे, पण तो स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही. हे एक वाक्य गंभीरपणे घेतले तर ऑगस्टीनच्या उजव्या-डाव्या बाजूंना आधार उरत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: हे पेलागियसचेच मत नव्हे काय? नव्हे. पेलागियस बाळांच्या बाबतीत बरोबर होता आणि मोठ्यांच्या बाबतीत निर्दय. माणूस ठरवले तर निष्पाप राहू शकतो, असे म्हटले की प्रत्येक पडणारा माणूस केवळ आळशी किंवा नालायक ठरतो. दारू सोडण्याची शपथ दहा वेळा मोडणाऱ्याला पेलागियसपाशी सांत्वन नाही. ऑगस्टीनपाशी आहे, कारण सवय इच्छेला साखळीसारखी बांधते हे त्याने स्वतःच्या आयुष्यातून ओळखले होते. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात पौल म्हणतो की जे चांगले करावेसे वाटते ते मी करत नाही. त्या ओळीचा अर्थ ऑगस्टीनइतका खोल कुणाला लागला असेल असे मला वाटत नाही. दुबळेपणा वारशाने येतो आणि कृपेवाचून तो बरा होत नाही, हे ऑगस्टीनकडून ठेवावे. १५४७ मध्ये ट्रेंटच्या महासभेने इच्छास्वातंत्र्य क्षीण झाले आहे पण नष्ट झालेले नाही असे म्हटले, तेही ठेवावे. सोडायचा आहे तो फक्त दोषाचा वारसा. आजारी जन्मलेल्या बाळाला औषध लागते. त्यासाठी त्याला गुन्हेगार ठरवावे लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक, आणि धर्मगुरूंकडून येतो: असे शिकवले तर लोक बाप्तिस्मा लांबवतील. लांबवतीलही. १९८३ च्या संहितेचे कलम ८६७ पहिल्या काही आठवड्यांतच बाप्तिस्मा करायला सांगते, आणि नातेवाईक परदेशातून येईपर्यंत तो सहा महिने पुढे ढकलणारी घरे वसईपासून मुंबईपर्यंत आजही आहेत. पण भीती घालून टिकवलेली प्रथा भीती ओसरली की कोसळते. ती ओसरते आहेच. बाप्तिस्मा म्हणजे मूल ख्रिस्ताच्या कुटुंबात येणे, हे पटले तर आईबाप स्वतःहून घाई करतील. फ्लॉरेन्सच्या वाक्याचा आक्षेप इतिहासाचे जाणकार घेतात. त्याला उत्तर आयोगानेच दिले आहे. ही विधाने बाप्तिस्म्याची आवश्यकता ठसवण्यासाठी होती, बाळांची नेमकी गती ठरवण्यासाठी नव्हती.

प्रोटेस्टंट बाजूला हाच प्रवास वेगळ्या वाटेने झाला. इरॅस्मस आणि ल्यूथर यांनी १५२४-२५ मध्ये इच्छास्वातंत्र्यावर एकमेकांविरुद्ध ग्रंथ लिहिले, आणि कॅल्विनच्या परंपरेने कुणाचे तारण व्हायचे हे सगळे देवाच्या निवडीवर सोपवले. १६४६ च्या वेस्टमिन्स्टर कबुलीजबाबात, म्हणजे या परंपरेच्या श्रद्धेच्या अधिकृत मांडणीत, ‘निवडलेली’ बाळे तारली जातात असे लिहिले गेले. न निवडलेल्यांबद्दल मौन. १९०३ मध्ये अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन चर्चने अधिकृत निवेदन जोडले की बालपणी मरणारी सगळीच मुले निवडलेली आहेत. कोल्हापूर आणि मिरजेत मिशन चालवले ते हेच चर्च. या निवेदनाची भाषा रोमच्या भाषेपेक्षा मला जास्त सरळ वाटते.

मराठी ख्रिस्ती समाजाला पतनाची कथा नवी नाही. १६१६ साली राचोल येथे छापलेल्या ख्रिस्तपुराणात फादर थॉमस स्टीफन्स यांनी ती ओव्यांमध्ये सांगितली, आणि पिढ्यान्‌पिढ्या ती चर्चमध्ये वाचली गेली. कथा माहीत आहे. तिच्यातून निघणारा निष्कर्ष मात्र अनेक घरांत अजून १९१७ च्या संहितेच्या काळातलाच आहे. गर्भपात झालेल्या किंवा मृत मूल जन्मलेल्या आईला ‘बाप्तिस्मा झाला नव्हता ना’ हे वाक्य आजही ऐकावे लागते. यासाठी रोमच्या नव्या निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. कलम ११८३ नुसार, आईबापांचा बाप्तिस्मा करण्याचा विचार होता पण त्याआधी मूल गेले, तर बिशप चर्चच्या अंत्यविधीला परवानगी देऊ शकतात. मिस्साग्रंथात, म्हणजे चर्चच्या उपासनेच्या प्रार्थनापुस्तकात, अशा बालकासाठी वेगळी प्रार्थना आहे. प्रत्येक वेळी अर्ज करायला न लावता बिशपांनी ही परवानगी आपल्या धर्मप्रांतासाठी कायमची जाहीर करावी, आणि दफनभूमीत या बाळांची जागा कोपऱ्यात नव्हे, कुटुंबाच्या कबरीत असावी. कबुलीसंस्काराच्या तयारीच्या वर्गात तीन अटी शिकवतानाच ४०५ वा परिच्छेद शिकवावा, म्हणजे मुलांना कळेल की स्वतः केलेले पाप आणि जन्मासोबत आलेली अवस्था या दोन गोष्टी आहेत. प्रसूती वॉर्डातल्या ख्रिस्ती नर्सला तातडीचा बाप्तिस्मा शिकवताना हेही सांगावे की वेळेत पोचता आले नाही, तर बाळ देवाच्या हातून निसटलेले नाही.

राहिले कलम ८६८. त्याच्या दुसऱ्या उपकलमानुसार मरणाच्या दारात असलेल्या बाळाला, मग ते कॅथलिक आईबापांचे असो वा नसो, आईबापांच्या इच्छेविरुद्धही बाप्तिस्मा देणे आजही धर्मकायद्याला धरून मानले आहे. बोलोन्याच्या मोलकरणीने जे केले तेच हे कलम अजून परवानगीने करू देते. या कलमाला टेकू होता तो एकाच समजुतीचा: पाणी न पडलेले बाळ हरवते. १२६१ व्या परिच्छेदाने आणि २००७ च्या दस्तऐवजाने तो टेकू काढून घेतला आहे. ज्या देशात आपण अल्पसंख्य म्हणून राहतो आणि आपल्या मुलांवर दुसऱ्याचा धर्म लादला जाऊ नये असा हक्क मागतो, तिथे तर हे उपकलम रद्द करण्याची मागणी भारतीय बिशपांकडूनच रोमला जायला हवी.